पॅन करताना चित्र फरफटतं, काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात लग्नाचा सीझन उतरला की माझ्याकडे पोरं पेनड्राइव्ह घेऊन येतात. जवळपास प्रत्येकाकडे एक क्लिप तीच असते: लॉनच्या गेटपासून स्टेजपर्यंत कॅमेरा आडवा फिरवलेला (यालाच पॅन म्हणतात), आणि मधल्या पाहुण्यांपैकी एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. मग ठरलेला प्रश्न येतो, "शटर किती ठेवायचं तेवढं सांगा भाऊ." तेवढं सांगून भागत नाही, म्हणून हे पान लिहिलंय. प्रश्न कानावर पडले तसेच ठेवलेत, आमच्याकडची बोली सुधारायला गेलो नाही.

भाऊ, पॅन केला का सगळं पुसट येऊन राहिलं. शटर वाढवू का?

थांबा. आधी क्लिप एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाका, पॅनच्या ऐन मध्यावर जा आणि चित्र थांबवा. 'पुसट' या एकाच शब्दाखाली लोक माझ्याकडे पाच-सहा वेगवेगळे आजार आणतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं. चालत्या चित्रावरून ते ओळखू येत नाहीत.

थांबलेल्या फ्रेममध्ये मंडपाचा एखादा उभा खांब बघा आणि स्टेजची आडवी कड बघा. खांब आडवा फासल्यासारखा दिसतोय पण स्टेजची कड स्वच्छ आहे, तर तो खरा मोशन ब्लर. कॅमेरा आडवा फिरला म्हणून चित्रही आडवंच ओढलं गेलं. खांब आणि कड दोन्ही सारखेच मऊ दिसत असतील तर बिचाऱ्या पॅनला दोष देऊ नका, फोकस गेलाय. ही एक ओळख पक्की झाली तरी निम्मं काम होतं.

आता फ्रेम एकएक पुढे सरकवा. प्रत्येक फ्रेम चांगली खणखणीत आहे, पण क्लिप चालवली की खांब टुणटुण उड्या मारत जातो? तो ब्लर नाहीच, उलट ब्लर कमी पडल्याचा परिणाम आहे. त्याला आम्ही झटके म्हणतो. एकाच खांबाच्या दोन सावल्या एकमेकांवर चढल्यात? मग सेकंदाला ३० फ्रेमचं फुटेज २५ च्या टाइमलाइनवर टाकलंय आणि सॉफ्टवेअरने शेजारच्या दोन फ्रेम मिसळून मधली तयार केलीय. फ्रेम ब्लेंडिंग बंद करा, आणि पुढच्या वेळी सगळे कॅमेरे एकाच फ्रेमरेटवर लावा. झाडाची पानं आणि गर्दी चौकोनी ठिपक्यांत फुटतेय? तो कमी बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला कमी डेटा साठवल्याचा मार आहे. आणि क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून आली असेल तर मला दाखवूच नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह आणा.

मंग खरा ब्लर असन तं तो येते कुठून?

शटर उघडं असताना चित्र सेन्सरवर जेवढं सरकतं, तेवढा ब्लर. हिशेब पाचवीतला आहे, पण करून कुणी पाहत नाही.

फुल एचडी फ्रेम १९२० पिक्सेल रुंद असते. तुम्ही असा पॅन केला की फ्रेमच्या एका कडेला आलेला माणूस २ सेकंदांत दुसऱ्या कडेने बाहेर गेला. म्हणजे चित्र सेकंदाला ९६० पिक्सेल धावलं. शटर १/५० (सेकंदाचा पन्नासावा भाग) असेल तर एका फ्रेमपुरतं ते १९ पिक्सेल ओढलं जातं. पूर्ण लॉन दिसतोय अशा वाइड शॉटमध्ये लांबच्या पाहुण्याचा चेहरा मुळातच तीस-चाळीस पिक्सेलचा असतो. त्यातले १९ फासले गेले, म्हणजे आत्या कोण आणि मावशी कोण हे नवरीलाही सांगता येणार नाही. तोच माणूस फ्रेम पार करायला ७ सेकंद घेईल असा पॅन केला, तर त्याच १/५० वर ओढ साडेपाच पिक्सेलवर येते. शटर, लेन्स, कॅमेरा काहीच बदललं नाही. फक्त हात हळू झाला.

अंधारात कॅमेरा ऑटोवर असेल तर तो गुपचूप १/२५ वर उतरतो आणि हा सगळा ब्लर दुप्पट होतो. रात्रीच्या लॉनमधल्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं, म्हणून शटर हाताने लावा आणि कुलूप घाला.

पण १/५० च काहून? कोणी ठरवलं?

फिल्मच्या कॅमेऱ्यात गोल फिरणारी चकती असायची. तिचा अर्धा भाग कापलेला, म्हणजे १८० अंश. एका फ्रेमच्या निम्मा वेळ उजेड आत, निम्मा वेळ बंद. मूकपटांनंतर बोलपट आले तेव्हापासून सिनेमा २४ फ्रेमवर स्थिरावला, म्हणजे शटर १/४८. आपण पिढ्यानपिढ्या तेवढ्या ब्लरला 'सिनेमा' म्हणून सरावलोय. आपल्याकडे व्हिडिओ २५ फ्रेमचा, त्याचं निम्मं १/५०.

आपल्यासाठी दुसरं कारण जास्त कामाचं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. १/५० किंवा १/१०० वर प्रत्येक फ्रेमला त्या चढउताराचे पूर्ण फेरे मिळतात, उजेड सारखा राहतो. अमेरिकेतली ट्युटोरियलं बघून कोणी १/६० लावतं आणि मग कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली चित्रावरून सावलीचे पट्टे सरकू लागतात. तिकडची वीज ६० हर्ट्झची आहे, त्यांचं त्यांना बरोबर आहे.

शटर १/५०० केलं तं ब्लर जाईन ना?

जाईल. आणि त्याच्या जागी काय येईल ते मी स्वतः भोगलंय.

प्री-वेडिंगचं शूट होतं, फुटाळा तलावावर, चार वाजताचं ऊन. एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कापणारी गडद काच, घरी राहिला. ऊन आवरेना म्हणून मी शटर १/८०० पर्यंत नेलं आणि काठावरच्या कठड्यावरून चांगला लांब पॅन मारला. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सुंदर दिसत होतं. घरी मोठ्या स्क्रीनवर लावलं तर कठड्याचे उभे गज धडधड धडधड उड्या मारत होते, काही ठिकाणी तर उलटे सरकल्यासारखे वाटत होते. फ्रेम थांबवली की एकएक गज मोजून घ्यावा इतका स्पष्ट! पण चालू केली की डोकं दुखेल असं. नवरदेवाने बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे अटकून राहिलं का?"

कारण असं: २५ फ्रेमचा व्हिडिओ आहे आणि माणूस २ सेकंदांत फ्रेम पार करतोय, तर प्रत्येक फ्रेमला चित्र ३८ पिक्सेल पुढे उडी घेतं. ही उडी शटर बदलून कमी होत नाही, ती पॅनच्या वेगाची आणि फ्रेमरेटची आहे. ब्लर त्या उडीवर पांघरूण घालतो. शटर वाढवलं की पांघरूण निघतं आणि उडी उघडी पडते. कठड्यासारखे सारख्या अंतरावरचे गज असतील तर आणखी वाईट, कारण या फ्रेममधला एक गज पुढच्या फ्रेममधल्या शेजाऱ्याच्या जागी जाऊन बसतो आणि डोळ्याला कळेनासं होतं की कोण कुठे गेलं.

थोडं वाढवायला हरकत नाही. १/१०० वर ब्लर निम्मा होतो, दिवेही पट्टे मारत नाहीत, आणि झटके बहुतेकांना खटकत नाहीत. त्यापुढे जाण्याआधी पॅन हळू करून बघा.

मंग पॅन किती हळू करू? अंदाज कसा घ्यायचा?

कॅमेरामनमध्ये चालत आलेला एक ठोकताळा आहे: फ्रेमच्या एका कडेची वस्तू दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण ७ सेकंद लागले पाहिजेत. २४-२५ फ्रेम आणि १८० अंश शटरसाठी तो चांगला लागू पडतो. मात्र पोरं याचा अर्थ 'पॅन ७ सेकंदांचा करायचा' असा लावतात, तो चूक. ७ सेकंद एका फ्रेमच्या रुंदीचे आहेत, पूर्ण पॅनचे नाहीत.

इथे लेन्स मध्ये येते. फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ एमएम लेन्स आडवी सुमारे ७४ अंश बघते, ५० एमएम सुमारे ४०, आणि २०० एमएम जेमतेम १०. काटकोनात, म्हणजे ९० अंश फिरायचं तर ७ सेकंदांच्या हिशेबाने २४ वर साडेआठ सेकंद लागतील, ५० वर सोळा, आणि २०० वर पूर्ण एक मिनिट. एक मिनिट पॅन कोण बघणार? म्हणूनच लांबच्या लेन्सने मोठा पॅन करायचाच नाही. आपण मात्र नेमकं उलटं करतो: झूम केलेला असतो, लांबचा कोणी दिसतो, आणि त्याच झूमवर गर्रकन कॅमेरा त्याच्याकडे वळवतो.

सरावासाठी मी पोरांना वर्धा रोडवर नेतो. मेट्रोचे खांब एका रांगेत उभे आणि प्रत्येकावर नंबर रंगवलेला, याहून चांगली टेस्ट शीट विकत मिळत नाही. सकाळी सहाच्या सुमारास, गाड्या कमी असताना, फूटपाथवर एका जागी स्टँड लावायचा. ५० एमएम, १/५०, २५ फ्रेम. पहिला पॅन असा की एक खांब ३ सेकंदांत फ्रेम पार करेल, दुसरा ५, मग ७, मग १०. तोंडाने मोजायचं: एक हजार एक, एक हजार दोन. घरी येऊन प्रत्येक पॅन मधोमध थांबवायचा आणि नंबर वाचता येतोय का बघायचं, मग चालवून झटके बघायचे. एकदा हे केलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत, वेग हातात बसतो. माझा अनुभव असा की शूट करताना कंटाळवाणा वाटलेला पॅनच घरी बरोबर निघतो.

दृश्यावरही बरंच अवलंबून आहे. संध्याकाळच्या आकाशावरून, फुटाळ्याच्या सपाट पाण्यावरून थोडा वेगात गेलात तरी कोणाला कळत नाही, कारण तिथे उभ्या कडाच नाहीत. झिरो माइलच्या घोड्यांच्या पुतळ्यांवरून, जाळी-कठड्यांवरून, पुस्तकांच्या कपाटावरून जाताना मात्र सात सेकंदही कमी पडतात.

स्टँडवर लावूनही झटका बसतेच. हात कसा ठेवायचा?

पाय आधी पॅन जिथे संपणार तिकडे तोंड करून रोवा. मग कमरेतून मागे वळून सुरुवातीच्या जागी या आणि तिथून सैल होत होत पुढे जा. उलटं केलंत, म्हणजे सुरुवातीला आरामात उभे राहिलात आणि शेवटी पिळवटलात, तर शेवटच्या पंधरा अंशांत हात थरथरणारच.

सुरुवातीला पाच सेकंद स्थिर, शेवटी पाच सेकंद स्थिर. एडिटर मनातल्या मनात आशीर्वाद देतो. सुरुवात आणि शेवट हळूच झाले पाहिजेत, गाडी स्टेशनातून सुटते आणि लागते तसे.

आता रबराची गोष्ट. स्टँडच्या हेडच्या (ज्यावर कॅमेरा फिरतो त्या भागाच्या) दांडीला हाताने धरलं की बोटांचा प्रत्येक धक्का कॅमेऱ्यात जातो. दांडीच्या टोकाला एक रबर अडकवा आणि दांडीला हात न लावता रबर ओढा. आधी रबर ताणलं जातं, मग कॅमेरा अलगद सुटतो. मिठाईच्या डब्याचं रबर पातळ, ते ऐन वेळी तुटून बोटावर बसतं. भाजीच्या जुडीला लावतात ते जाड घ्या. माझ्या बॅगेत कायम चार असतात आणि पार्टीसमोर, म्हणजे काम देणाऱ्या घरच्यांसमोर, वापरायला लाजही वाटत नाही.

हेड फ्लुइडचंच, म्हणजे आत तेल असलेलं हवं, फोटोच्या बॉल हेडवर सरळ पॅन होत नाही. आणि आपल्या गावाचं एक वेगळं लफडं आहे: मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या हेडमधलं तेल पातळ होतं आणि ड्रॅग (फिरवताना लागणारा अडसर) ढिला लागतो, डिसेंबरच्या पहाटे तोच घट्ट लागतो. शूटच्या आधी दोनदा फिरवून बघा आणि ड्रॅग एखादा घर वर-खाली करा. लेव्हलचा बबल मधोमध आहे ना हेही तेव्हाच बघा, नाहीतर पॅन संपेपर्यंत तलाव एका बाजूला सांडतो.

उन्हात १/५० ठेवलं का सगळं पांढरं होते. एनडी कोणता घेऊ?

कडक उन्हाचा जुना हिशेब आठवा: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० असेल तर एफ/१६ ला १/१००. एफ म्हणजे लेन्सचं भोक, आकडा मोठा तसं भोक लहान. त्यावरून १/५० ला एफ/२२ लागेल. तुम्हाला एफ/२.८ वर नवरा-नवरीच्या मागचं दृश्य मऊ हवंय, म्हणजे सहा स्टॉप उजेड जास्त (दर स्टॉपला उजेड दुप्पट). सहा स्टॉप कापणारा एनडी ६४. लॉगमध्ये (रंग नंतर एडिटिंगमध्ये चढवायचे म्हणून फिकट चित्र घेणाऱ्या मोडमध्ये) शूट करत असाल आणि कॅमेरा आयएसओ ८०० च्या खाली येत नसेल तर आणखी तीन स्टॉप, म्हणजे एनडी ५१२. बाजारात दोन ते पाच स्टॉपचा व्हेरिएबल एनडी घेऊन लोक येतात आणि नागपूरच्या दुपारी तो कमी पडतो.

व्हेरिएबलबद्दल एक सांगून ठेवतो, कारण पॅनमध्ये तोच दगा देतो. तो दोन पोलरायझर एकमेकांवर फिरवून बनवलेला असतो. वाइड लेन्सवर जास्त फिरवला की चित्रात काळी फुली उमटते. आणि फुली नसली तरी पॅन करताना सूर्याशी असलेला कोन बदलतो तसं आकाश मध्येच गडद होतं, पाण्यावरची चमक येते-जाते. फुटाळ्यावर आकाशासकट लांब पॅन करायचा असेल तर मी साधा, न फिरणारा एनडी लावतो.

मोबाइलवर काय करू?

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं भोक बहुतेक फोनांत ठरलेलं असतं, लहान-मोठं होत नाही. त्यामुळे उन्हात तो शटर हजाराच्या पुढे पळवतो (झटके) आणि रात्री तीसच्या आसपास आणतो (फरफट). त्यावर रात्री स्टॅबिलायझेशनचा, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीचा थर चढतो. दोन्ही टोकं आपल्याला नको असतात.

शटर हाताने लावता येईल असं अ‍ॅप घ्या. ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे, आयफोन आणि काही अँड्रॉइड फोनांवर चालतो. २५ फ्रेम, १/५०, एक्सपोजर आणि फोकस लॉक. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात २५ फ्रेम दिसत नसेल तर सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचं बटण आहे, ते सुरू करा. उन्हासाठी क्लिपवाला एनडी मिळतो.

लॉनमधल्या रात्रीच्या शूटला १/१०० ठेवलं तं अंधार, १/५० ठेवलं तं ब्लर. काय करू?

१/५० ठेवा आणि हळू फिरा. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. त्यामुळे चित्रात येणाऱ्या दाण्यांबद्दल आजवर एकाही पार्टीने तक्रार केलेली नाही. मुलीच्या मामाचा चेहरा फासला म्हणून मात्र एकदा माझे पैसे अडकले होते.

डीजेवाल्यांच्या एलईडी पार लाइटची गोष्ट वेगळी. त्यांतले पुष्कळ दिवे विजेच्या ५० हर्ट्झवर नाही, स्वतःच्या तालावर लुकलुकतात, त्यामुळे १/५० वरही पट्टे येऊ शकतात. कॅमेऱ्यात शटर अगदी बारीक बारीक सरकवायची सोय असेल, जसं ५०.३ किंवा ५१.८, तर पट्टे थांबेपर्यंत सरकवा. नसेल तर डीजेवाल्या दादाशी चहा घ्या. दिवे फुल ब्राइटवर ठेवले की लुकलुक बरीचशी जाते, कारण डिम करण्यासाठीच ते उघडझाप करतात.

५० फ्रेमवर घेतलं तं?

वेगाने फिरायचंच आहे, टाळता येत नाही, तर हा सगळ्यात प्रामाणिक उपाय आहे. ५० फ्रेम आणि १/१०० वर ब्लरही निम्मा आणि दोन फ्रेममधली उडीही निम्मी. शर्त एवढी की शेवटची फाइलही ५० ची द्यायची. टेनिस बॉलच्या रात्रीच्या टूर्नामेंट, दौडी, नाच यांना मी असंच देतो. लग्नाच्या फिल्मला देत नाही. मंगलाष्टकं सिरीयलसारखी दिसू लागतात.

दुसरा फायदा लपलेला आहे. ५० वर घेतलेला पॅन २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने चालवा. ३ सेकंदांचा घाईचा पॅन सहाचा होतो आणि हाताचे बारीक धक्केही विरघळतात. मात्र दृश्यात चालणारी माणसं, रिक्षा, कारंजं असलं की ते स्लो मोशन कळतं. रिकाम्या तलावाला, इमारतीला, सजवलेल्या मंडपाला खुशाल वापरा.

स्टॅबिलायझेशन चालू ठेवू का बंद?

स्टँडवर बंद. कॅमेऱ्याला वाटतं तुमचा हात घसरला, म्हणून तो चित्र जागेवर धरून ठेवतो, मग त्याची हद्द संपली की एकदम सोडतो. पॅनच्या सुरुवातीला चिकटल्यासारखं आणि शेवटी मागे सरकल्यासारखं दिसतं ते याच्यामुळे. हातात धरून पॅन करायचा तर लेन्सवर मोड २ असेल तो लावा, तो आडव्या हालचालीला सोडून देतो आणि फक्त वर-खालची थरथर सावरतो. गिंबलवर (कॅमेरा तोलून धरणाऱ्या मोटरच्या दांड्यावर) फॉलोचा वेग, म्हणजे हातामागोमाग कॅमेरा वळण्याचा वेग, कमी करा; कारखान्यातून येतो तो पॅनसाठी फार चपळ असतो.

मारबतीच्या मिरवणुकीत माणसं पळून राहतात. तिथं कसं?

तिथे प्रश्नच उलटा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालाच्या गल्ल्यांत "घेऊन जा गे मारबत" म्हणत लोंढा येतो, तेव्हा तुम्ही गल्ली दाखवत नसता, मारबत किंवा बडग्या, म्हणजे मिरवणुकीतले मोठे पुतळे दाखवत असता. कॅमेरा त्याच्याच वेगाने फिरला तर सेन्सरवर तो जागेवरच राहतो, म्हणजे तो स्पष्ट आणि मागची दुकानं फरफटलेली. हा ब्लर हवाच, त्याच्यामुळे वेग दिसतो. डोळा मारबतीवर असला की मागचे झटकेही कोणाला दिसत नाहीत, म्हणून इथे सात सेकंदांचा नियम विसरा.

अडचण जवळून जाताना येते. लांबून येणारी वस्तू फ्रेममध्ये हळू सरकते, तुमच्या अगदी समोर आली की कोन झपाट्याने बदलतो, पुढे गेली की पुन्हा हळू. हात त्या तालात वाढवावा आणि आवरावा लागतो. पहिल्या वर्षी मी रस्त्याच्या कडेला चिकटून उभा राहिलो आणि काळी मारबत समोर आली त्याच दोन सेकंदांत मागे पडलो. फ्रेममध्ये नुसता पाठीमागचा गुलाल. आता मी जमेल तेवढा मागे, शक्यतो कोणाच्या तरी ओट्यावर जागा धरतो. दहा पावलं मागे गेलात की तोच कोन निम्म्याहून कमी वेगाने फिरतो.

अशा गर्दीत ऑटोफोकस बंद. मध्ये कोणाचा हात आला की तो हातावर जातो आणि लोक त्यालाही 'पॅनचा ब्लर' म्हणतात. फुल फ्रेमवर २४ एमएम, एफ/८ असेल तर फोकस साधारण अडीच मीटरवर लावून सोडा. सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालून जातं.

पॅन केला का खांब तिरपे होतात.

रोलिंग शटर. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात खांब सरकलेला असतो. शटर वाढवून जात नाही. हळू फिरा, किंवा जलद वाचणाऱ्या सेन्सरचा कॅमेरा घ्या. पहिला उपाय फुकट आहे.

मे महिन्यात लांबच्या लेन्सवर काहीच शार्प येत नाही, स्टँडवर असून!

पॅन न करताही येत नाही ना? मग ती वाफ आहे. नवतप्यात तापलेल्या डांबरावरून हवा उकळत वर जाते आणि २०० एमएममधून बघितलं की मागचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं. कोणतंही शटर, कोणताही फिल्टर ते थांबवत नाही. सकाळी सातच्या आत उरका, नाहीतर विषयाच्या जवळ जा.

एडिटिंगमधी ब्लर काढता येते का?

खरं सांगायचं तर नाही. एआयवाले चेहरा कोरून देतात, पण तो मामांचाच असेल याची खात्री नाही. पॅन हलला म्हणून स्टॅबिलायझर लावलात तर हलणं जातं आणि ब्लर तिथेच राहतो. स्थिर चित्र मध्येच उगाच फासतं आणि परत साफ होतं, ते अधिकच विचित्र दिसतं. ब्लर नंतर घालणं मात्र शक्य आहे. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या स्टुडिओ आवृत्तीत त्याची सोय आहे, माझा तो फुटाळ्याचा कठडा मी तसाच अर्धामुर्धा वाचवला. म्हणून अगदीच पेच पडला तर शटर किंचित जास्त ठेवण्याच्या बाजूने चूक करा.

पार्टीच्या घरच्या टीव्हीवर ब्लर दिसते, माझ्याकडं नाही दिसत.

टीव्हीतलं मोशन स्मूथिंग बंद करायला सांगा, वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात. शिवाय एलसीडी पडदा प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत तशीच धरून ठेवतो आणि आपला डोळा तर सरकत असतो, त्यामुळे स्वच्छ फाइलही पॅनमध्ये थोडी मऊ भासते. वाद घालण्याआधी त्यांच्याच टीव्हीवर पॉज करून दाखवा.

पार्टी म्हणते, एकाच शॉटमध्ये पूर्ण लॉन पाहिजे.

त्यांना पॅन नको असतो, त्यांना खर्च केलेलं सगळं दिसायला हवं असतं. गेटच्या कोपऱ्यातून २४ एमएमवर, स्टूलवर चढून, कॅमेरा न हलवता वीस सेकंद घ्या आणि पाहुण्यांना चालू द्या. मग कमान, फुलं, चाटचा काउंटर, स्टेज असे चार स्थिर शॉट. पॅन करायचाच झाला तर नवरीचे वडील गेटकडून स्टेजकडे निघतील तेव्हा करा, त्यांच्या चालीने. ते काही घाईत नसतात, वाटेत चार जणांना हात जोडतात. तुमचा वेग आपोआप बसतो.